विश्लेषण : विमानाच्या इंजिनाचे आवरणच निघणार? ‘ओपन फॅन’ तंत्रज्ञान नेमके काय? भारतासाठी खरी कसोटी कोणती?

विमानाच्या पंखाखाली दिसणारे इंजिनाचे पिंपासारखे आवरण काढून टाकले आणि आतला पंखा दुप्पट मोठा केला, तर इंधन २० टक्क्यांहून अधिक वाचेल, असा दावा ‘सीएफएम इंटरनॅशनल’ ही कंपनी २०२१ पासून करीत आहे. जून २०२५ मध्ये पॅरिसजवळील ल बूर्जे येथे झालेल्या विमान प्रदर्शनातही हा ‘ओपन फॅन’ चर्चेत होता. पॅरिसचे प्रदर्शन विषम वर्षांत भरते, तर ब्रिटनमधील फार्नबरोचे सम वर्षांत. त्यामुळे दर उन्हाळ्यात या इंजिनाचा एखादा नवा टप्पा जगासमोर येतो. मात्र ते प्रत्यक्ष प्रवाशांना घेऊन उडेल २०३५ च्या आसपास. दहा वर्षांनंतरच्या इंजिनाची एवढी चर्चा आज का, आणि त्याच्याशी भारतीय प्रवाशाचा संबंध काय?

सीएफएम म्हणजे कोण?

अमेरिकेतील जीई एअरोस्पेस आणि फ्रान्समधील साफ्रान एअरक्राफ्ट इंजिन्स यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची ही कंपनी १९७४ मध्ये स्थापन झाली. तिच्या सीएफएम-५६ या इंजिनाने एअरबस ए-३२० आणि बोइंग ७३७ या विमानांवर अनेक दशके राज्य केले. त्याची जागा २०१६ पासून ‘लीप’ हे इंजिन घेत आहे. ए-३२० निओ, बोइंग ७३७ मॅक्स आणि चीनचे सी-९१९ या तिन्ही विमानांवर ‘लीप’च्या आवृत्त्या आहेत. मुंबई-दिल्ली किंवा पुणे-बंगळूरु प्रवास करणारा प्रवासी बहुतेक वेळा ज्या विमानात बसतो, ते विमान याच वर्गातले. मध्ये एकच चिंचोळी वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने असलेल्या या विमानांवरच जगातील आणि विशेषतः भारतातील हवाई वाहतूक मुख्यतः चालते. जून २०२१ मध्ये सीएफएमने ‘राइज’ हा तंत्रज्ञान विकास कार्यक्रम जाहीर केला. ओपन फॅन हा त्याचा गाभा आहे.

‘ओपन फॅन’ म्हणजे काय?

जेट इंजिन गरम वायूचा झोत मागे फेकते आणि विमान पुढे जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आजच्या प्रवासी विमानांबाबत ती अर्धीच खरी आहे. इंजिनाच्या तोंडाशी दिसणारा मोठा पंखा जी हवा आत ओढतो, तिचा थोडाच भाग आतल्या गाभ्यात जातो. तिथे ती दाबली जाते, इंधनाबरोबर जळते आणि टर्बाइन फिरवते. उरलेली बहुतांश हवा गाभ्याला वळसा घालून थेट मागे जाते. विमानाला मिळणारा बराचसा रेटा याच थंड हवेचा असतो. वळसा घालणारी हवा आणि गाभ्यातून जाणारी हवा यांच्या प्रमाणाला ‘बायपास गुणोत्तर’ म्हणतात.

येथे भौतिकशास्त्राचा साधा नियम लागू होतो. थोडी हवा फार वेगाने मागे फेकण्यापेक्षा भरपूर हवा बेताच्या वेगाने मागे ढकलली, तर तेवढ्याच रेट्यासाठी कमी ऊर्जा लागते. त्यामुळे गेल्या ५० वर्षांत इंजिनांचे पंखे मोठे होत गेले. सीएफएम-५६ चे बायपास गुणोत्तर पाच-सहाच्या घरात होते. ए-३२० निओवरील ‘लीप’चे ते ११ आहे आणि त्याच्या पंख्याचा व्यास सुमारे दोन मीटर आहे. ओपन फॅनचा पंखा सुमारे चार मीटरचा असेल आणि त्याचे गुणोत्तर ‘लीप’च्या कित्येक पटींनी अधिक असेल.

दिसायला हे इंजिन छोट्या शहरांना जोडणाऱ्या एटीआर विमानांच्या पंख्यासारखे वाटते. गोव्याहून जळगावला जाणाऱ्या प्रवाशांना ते परिचित आहे. मात्र एटीआरचा वेग जेट विमानापेक्षा बराच कमी असतो. ओपन फॅनचे उद्दिष्ट आजच्या जेट विमानांएवढाच, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ८० टक्के, वेग गाठण्याचे आहे. त्यासाठी त्याची पाती रुंद, पातळ आणि तलवारीसारखी मागे वळलेली असतात.

आजवर आवरण का ठेवले गेले?

आवरणाची तीन कामे असतात. ते पंख्यात शिरणाऱ्या हवेला शिस्त लावते, आवाज काही प्रमाणात अडवते आणि एखादे पाते तुटले तर ते बाहेर उडू न देता आतच रोखते. तिसरे काम सर्वात महत्त्वाचे. पूर्ण वेगात फिरणारे पाते मुद्दाम तोडून आवरण ते रोखू शकते हे सिद्ध केल्याशिवाय नव्या इंजिनाला परवाना मिळत नाही.

पण पंखा जसा मोठा होतो तसे आवरणही मोठे आणि जड होते. त्याच्या पृष्ठभागावर हवेचे घर्षण वाढते. एका मर्यादेनंतर मोठ्या पंख्याने वाचवलेले इंधन आवरणाचे वजन आणि घर्षणच खाऊन टाकते. शिवाय विमानाचा पंख आणि धावपट्टी यांच्यातील जागा मर्यादित असते. बोइंग ७३७ च्या इंजिनाचे आवरण खालून चपटे दिसते, ते याच अडचणीमुळे. आवरणच काढून टाकले तर यातील वजन आणि घर्षणाची मर्यादा सुटते. जागेची अडचण मात्र उरतेच. चार मीटरचा पंखा बसवायचा तर विमानाची रचनाच बदलावी लागेल. म्हणूनच हे इंजिन आजच्या ए-३२० किंवा ७३७ वर बसणार नाही. त्यासाठी नवे विमानच लागेल.

ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेच्या ‘नासा’ने इंधन वाचवण्यासाठी उघड्या पात्यांवर संशोधन सुरू केले. त्यातून जीईने ‘जीई-३६’ हे विना-आवरण इंजिन तयार केले. साफ्रानची तेव्हाची पूर्वसुरी असलेली ‘स्नेक्मा’ही त्यात सहभागी होती. ऑगस्ट १९८६ मध्ये ते बोइंग ७२७ वर आणि १९८७ मध्ये एमडी-८० वर उडाले. १९८८ मध्ये ते एमडी-८० विमान फार्नबरोच्या प्रदर्शनातही उडवून दाखवण्यात आले. इंधनाची बचत खरी होती, हे चाचण्यांतून दिसले. बोइंगने ‘७जे७’ या नियोजित विमानासाठी अशाच इंजिनाचा विचार केला होता.

तरीही ते कधी बाजारात आले नाही. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले. स्वस्त इंधनाच्या काळात गुंतागुंतीच्या नव्या इंजिनासाठी पैसे मोजायला विमान कंपन्या तयार नव्हत्या. त्या इंजिनात पात्यांच्या दोन रांगा एकमेकींच्या उलट दिशेने फिरत. त्यांचा आवाज आणि कंपने ही मोठी डोकेदुखी होती. ‘७जे७’ बारगळले आणि विना-आवरण इंजिनही मागे पडले. प्रदर्शनात यशस्वी ठरलेले तंत्रज्ञान बाजारात यशस्वी होईलच असे नाही, हा त्या प्रकरणाचा धडा.

मग आता वेगळे काय?

पहिला बदल रचनेत आहे. २०१७ मध्ये साफ्रानने फ्रान्समधील इस्त्रे येथे उलट-सुलट फिरणाऱ्या दोन रांगांच्या इंजिनाची जमिनीवर चाचणी घेतली. ‘राइज’मध्ये त्यातील एक रांग स्थिर करण्यात आली आहे. पुढची पाती फिरतात आणि मागची स्थिर पाती हवेला सरळ दिशा देतात. यामुळे वजन, गुंतागुंत आणि मुख्य म्हणजे आवाज कमी होतो. आजच्या ‘लीप’पेक्षा हे इंजिन कमी आवाज करील, असा कंपनीचा दावा आहे. तो प्रत्यक्ष उड्डाणात सिद्ध व्हायचा आहे.

दुसरा बदल साहित्यात आहे. कार्बनचे धागे त्रिमितीय पद्धतीने विणून त्यात राळ भरून पाती तयार करण्याचे तंत्र ‘लीप’मुळे हाती आले आहे. अशी पाती हलकी आणि चिवट असतात. उड्डाणाच्या टप्प्यानुसार त्यांचा कोनही बदलता येईल.

तिसरा बदल संगणनात आहे. १९८० च्या दशकात पाते बनवा, वाऱ्याच्या बोगद्यात तपासा, पुन्हा बदला अशी पद्धत होती. आता जीईने अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेच्या ‘फ्रंटियर’ या महासंगणकावर पात्यांभोवतीच्या हवेचे वर्तन आधीच तपासले आहे. फ्रान्समध्ये मोदान येथील वाऱ्याच्या बोगद्यात एक-पंचमांश आकाराच्या पंख्याच्या चाचण्या झाल्या. २०२५ पर्यंत कार्यक्रमातील निरनिराळ्या भागांच्या मिळून ३५० हून अधिक चाचण्या पूर्ण झाल्याचे कंपनीने सांगितले आहे. युरोपीय महासंघाच्या ‘क्लीन एव्हिएशन’ उपक्रमातून या संशोधनाला सार्वजनिक निधीही मिळतो. पूर्ण आकाराच्या इंजिनाची उड्डाण चाचणी या दशकाच्या अखेरीस एअरबस ए-३८० विमानावर करण्याचे नियोजन आहे. एअरबस आणि सीएफएम यांनी त्याची घोषणा जुलै २०२२ मध्ये केली होती.

पाते तुटले तर काय, हा प्रश्न मात्र कायम आहे. आवरण नसल्यामुळे पातेच न तुटण्याची हमी द्यावी लागेल, किंवा पंख्याच्या रेषेत विमानाच्या अंगाला संरक्षक थर द्यावा लागेल. त्याचे वजन बचतीतून वजा होईल. या इंजिनाला परवाना देण्याचे निकष ठरवणे हे अमेरिकी आणि युरोपीय नियामकांपुढचे मोठे काम आहे.

सगळे याच वाटेने जात आहेत का?

नाही. प्रॅट अँड व्हिटनीचा भर आवरणातच राहणाऱ्या, पण गिअर असलेल्या इंजिनावर आहे. पंखा आणि टर्बाइन यांच्यामध्ये गिअर बसवला की पंखा सावकाश आणि टर्बाइन वेगात, असे दोघेही आपापल्या सोयीच्या वेगाने फिरतात. कंपनीचे ‘जीटीएफ’ इंजिन याच तत्त्वावर २०१६ पासून सेवेत आहे. ब्रिटनच्या रोल्स-रॉइसने ‘अल्ट्राफॅन’ या ३.५ मीटरहून मोठ्या पंख्याच्या, आवरण आणि गिअर असलेल्या प्रात्यक्षिक इंजिनाची २०२३ मध्ये डर्बी येथे चाचणी घेतली. तेच तंत्र लहान आकारात आणून मध्यम पल्ल्याच्या विमानांच्या बाजारात परतण्याची तिची इच्छा आहे.

अंतिम निवड विमान उत्पादकांच्या हाती आहे. ए-३२० निओची जागा घेणारे विमान या दशकाच्या अखेरीस जाहीर करून २०३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सेवेत आणण्याचा मानस एअरबसने मार्च २०२५ मध्ये व्यक्त केला. आजच्या विमानांपेक्षा ते २० ते ३० टक्के कमी इंधन जाळेल, असे उद्दिष्ट आहे. त्यासाठी ओपन फॅन आणि आवरणाचे इंजिन असे दोन्ही पर्याय एअरबसने खुले ठेवले आहेत. बोइंगला आधी उत्पादनातील गुणवत्तेची घडी बसवायची आहे. त्यामुळे नव्या विमानाबाबत ती घाई करताना दिसत नाही.

दहा वर्षे आधीच इंजिन का मांडले जाते, याचे उत्तर इथे मिळते. इंजिन कंपन्या नवे इंजिन मोठ्या सवलतीत विकतात आणि खरी कमाई पुढील २०-२५ वर्षे सुटे भाग आणि देखभालीतून करतात. एका विमानासाठी एकदा निवड झाली, की दोन पिढ्यांचा धंदा ठरतो. प्रदर्शनातील मांडणी ही प्रेक्षकांपेक्षा एअरबस, बोइंग, नियामक आणि निधी देणारी सरकारे यांच्यासाठी असते.

भारतीय विमान कंपन्यांचा अनुभव काय सांगतो?

२०१६ मध्ये ‘जीटीएफ’ इंजिन आले, तेव्हा १६ टक्के इंधनबचतीची ग्वाही होती. ती बचत खरी ठरली. टीकाकारांना सर्वात जास्त शंका होती ती नव्या गिअरबद्दल. तो गिअर मोठ्या प्रमाणात टिकला. अडचणी आल्या त्या इतरत्र. सुरुवातीच्या वर्षांत काही भागांत वारंवार बिघाड झाले. मार्च २०१८ मध्ये भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला विशिष्ट इंजिने असलेली ए-३२० निओ विमाने जमिनीवर ठेवण्याचा आदेश द्यावा लागला. जुलै २०२३ मध्ये आणखी मोठी गोष्ट उघड झाली. टर्बाइनच्या काही चकत्या ज्या धातूच्या भुकटीपासून बनवल्या होत्या, तिच्यात अशुद्धता होती. कालांतराने तेथे तडे जाण्याचा धोका होता. त्यामुळे शेकडो इंजिने विमानांवरून उतरवून तपासणीला पाठवावी लागली. एका इंजिनाला परत येण्यास ३०० दिवसांपर्यंत लागू शकतात, असा अंदाज प्रॅट अँड व्हिटनीची मूळ कंपनी ‘आरटीएक्स’ने तेव्हा दिला होता.

याची झळ भारताला सर्वाधिक बसलेल्यांपैकी. २०२४ च्या सुरुवातीला इंडिगोची सत्तरहून अधिक विमाने इंजिनांअभावी उभी होती. त्याआधी मे २०२३ मध्ये मुंबईस्थित ‘गो फर्स्ट’ कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. इंजिनांच्या तुटवड्यामुळे आपला निम्मा ताफा जमिनीवर असल्याचे तिने म्हटले होते. प्रॅट अँड व्हिटनीने तो आरोप फेटाळला. वाद कोणाचा खरा, हा कज्ज्याचा विषय. पण परिणाम निर्विवाद होता. कंपनी पुन्हा उडाली नाही आणि जानेवारी २०२५ मध्ये ती अवसायनात काढण्याचा आदेश झाला. हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, प्रवाशांचे पैसे अडकले आणि स्पर्धक कमी झाल्याने काही मार्गांवरील भाडी चढली.

१६ टक्के इंधन वाचवणारे इंजिन वर्षभर कार्यशाळेत पडून राहिले, तर त्या बचतीला अर्थ उरत नाही. विमान उभे असले तरी त्याचे भाडे, वैमानिकांचे पगार आणि कर्जाचे हप्ते चालूच राहतात. म्हणून नव्या इंजिनाबद्दल विमान कंपन्यांचा पहिला प्रश्न आता बदलला आहे. पूर्वी ‘किती इंधन वाचेल?’ असे विचारले जाई. आता ‘दुरुस्तीसाठी न उतरवता ते किती तास विमानावर राहील?’ असे विचारले जाते.

धुळीची चाचणी एवढी महत्त्वाची का?

उन्हाळ्यात दिल्ली, जयपूर किंवा आखाती देशांतील विमानतळांवर हवेत बारीक धूळ असते आणि तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. ही धूळ इंजिनाच्या गाभ्यात शिरते. टर्बाइनची पाती ज्या तापमानात फिरतात, ते त्यांच्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही अधिक असते. पात्यांना केसासारखी बारीक छिद्रे पाडून त्यांतून तुलनेने थंड हवा खेळवली जाते, म्हणून ती टिकतात. धूळ वितळून या छिद्रांवर बसली की हवा अडते आणि पाते तापून झिजते. इंधन वाचवण्यासाठी गाभा जितका लहान आणि गरम करावा, तितका हा त्रास वाढतो. कार्यक्षमता आणि टिकाऊपणा यांची अशी ओढाताण आहे.

‘लीप’लाही हे चुकले नाही. उष्ण आणि धुळीच्या प्रदेशांत ही इंजिने अपेक्षेपेक्षा लवकर दुरुस्तीला येऊ लागली. त्यावर उपाय म्हणून टर्बाइनची सुधारित पाती तयार झाली आणि ए-३२० निओवरील ‘लीप’साठी त्यांना डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. यामुळे कठीण हवामानात इंजिन दुपटीहून अधिक काळ विमानावर राहील, असे कंपनीचे म्हणणे आहे. इंजिन सेवेत आल्यानंतर हा सुधार यायला आठ वर्षे लागली.

या पार्श्वभूमीवर ‘राइज’बाबतची एक कमी गाजलेली बातमी महत्त्वाची ठरते. २०२५ मध्ये जीईने नव्या टर्बाइन पात्यांवर धूळ सोडून टिकाऊपणाच्या चाचण्या घेतल्या. इंजिनाचा आराखडा पक्का होण्याच्या कितीतरी आधी अशा चाचण्या घेणे ही पूर्वीची रीत नव्हती. चार मीटरच्या पंख्याचे चित्र लक्ष वेधून घेते. पण भारतीय विमान कंपनीसाठी धुळीच्या चाचणीचा निकाल त्याहून जास्त मोलाचा आहे.

भाडे आणि प्रदूषण यांवर काय परिणाम होईल?

दोन तासांच्या उड्डाणात ए-३२० वर्गातील विमान ढोबळमानाने चार ते पाच टन इंधन जाळते. २० टक्के बचत म्हणजे एका फेरीत जवळपास एक टन. एक टन विमान इंधन जळले की सुमारे ३.१६ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. भारतात विमान कंपनीच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा ३० ते ४० टक्के असतो. विमान इंधन वस्तू व सेवा कराबाहेर असल्याने राज्ये त्यावर मूल्यवर्धित कर लावतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. यावरून इंधनाच्या खर्चाला असलेले महत्त्व लक्षात येते. बचतीचा किती वाटा प्रवाशाच्या तिकिटापर्यंत पोहोचेल, हे मात्र इंजिनापेक्षा त्या मार्गावरील स्पर्धेवर ठरेल.

हवामानाच्या दृष्टीने नव्या इंजिनाची गरज वाढली आहे, कारण इतर पर्याय मागे पडत आहेत. मानवनिर्मित कार्बन उत्सर्जनात विमान वाहतुकीचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट या उद्योगाने स्वीकारले आहे. त्यासाठी सर्वाधिक भिस्त शाश्वत विमान इंधनावर होती. पण २०२४ मध्ये जगातील एकूण विमान इंधनात त्याचा वाटा अवघा ०.३ टक्का होता. हायड्रोजनवर चालणारे विमान २०३५ पर्यंत आणण्याची एअरबसची योजना २०२५ च्या सुरुवातीला लांबणीवर पडली. भारतानेही आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक टक्का शाश्वत इंधन मिसळण्याचे लक्ष्य ठेवले आहे. हे इंधन महाग आहे, म्हणून ते कमी लागावे यासाठीही काटकसरी इंजिन हवे.

तरीही हिशेबाची दुसरी बाजू विसरता येत नाही. सीएफएम-५६ वरून ‘लीप’वर येताना प्रत्येक विमानामागे सुमारे १५ टक्के इंधन वाचले. त्याच काळात विमानांची संख्या इतकी वाढली की एकूण उत्सर्जन घटले नाही. भारतात तर हवाई प्रवासाची खरी वाढ अजून व्हायची आहे. इंजिन उत्सर्जनाचा वेग कमी करील, पण ते एकटे उत्सर्जन थांबवू शकणार नाही.

भारतीय उद्योगांना यात स्थान काय?

इंडिगोने २०१९ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीकडून सीएफएमकडे मोर्चा वळवला. एअर इंडियाने २०२३ मध्ये ८०० हून अधिक ‘लीप’ इंजिनांची मागणी नोंदवली. अकासा एअरचा संपूर्ण ताफा याच इंजिनांवर चालतो. त्यामुळे भारत हा सीएफएमच्या सर्वात मोठ्या ग्राहकांपैकी एक आहे. ग्राहक म्हणून असलेले हे वजन उत्पादनातही हळूहळू उतरत आहे. पुण्याजवळ चाकण येथे २०१५ मध्ये सुरू झालेल्या जीईच्या कारखान्यात विमान इंजिनांचे सुटे भाग तयार होतात. त्याच्या विस्तारासाठी २०२४ मध्ये २४० कोटी रुपयांची गुंतवणूक जाहीर झाली. बंगळूरुतील जीईच्या तंत्रज्ञान केंद्रात इंजिनांच्या आराखड्यावर काम चालते. ‘लीप’साठी उष्णतारोधक धातूचे घडीव भाग पुरवण्याचा करार हिंदुस्तान एरोनॉटिक्सने साफ्रानशी २०२५ च्या एअरो इंडियात केला. हैदराबादमध्ये साफ्रानचे ‘लीप’ देखभाल केंद्र नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाले. ते पूर्ण क्षमतेने चालेल तेव्हा वर्षाला ३०० इंजिनांची देखभाल करू शकेल.

यातील देखभाल केंद्राचे महत्त्व सर्वाधिक आहे. ‘जीटीएफ’च्या संकटात भारतीय कंपन्यांना जगभरातील कार्यशाळांच्या रांगेत उभे राहावे लागले. इंजिन देशातच उघडून जोडता आले, तर वाट पाहण्याचा काळ कमी होतो. नव्या पिढीचे इंजिन येईपर्यंत ही क्षमता आणि तिच्यासाठी लागणारे कुशल तंत्रज्ञ तयार असणे, हे भारताच्या हातात आहे. ओपन फॅनचा आराखडा ओहायो आणि पॅरिसमध्ये ठरेल. त्याची दुरुस्ती कुठे होईल, हे मात्र आजच्या गुंतवणुकीवर ठरेल.

पुढे काय?

पॅरिसच्या प्रदर्शनाआधी चारच दिवस, १२ जून २०२५ रोजी, अहमदाबादेत एअर इंडियाचे बोइंग ७८७ कोसळले आणि विमानातील २४२ पैकी २४१ जणांचा मृत्यू झाला. त्या विमानावर जीईची इंजिने होती. जीईने पॅरिसमधील आपली गुंतवणूकदारांची बैठक पुढे ढकलली, तर बोइंगच्या प्रमुखांनी दौरा रद्द केला. त्या आठवड्यात ल बूर्जे येथे नेहमीचा गाजावाजा नव्हता. विमान उद्योगात सुरक्षेचा प्रश्न उभा राहिला की टक्केवारीचे सारे दावे मागे पडतात, याची ती जाणीव होती.

ओपन फॅनचा निर्णय येत्या चार-पाच वर्षांत तीन गोष्टींवर ठरेल. ए-३८० वरील उड्डाण चाचणीत बचत आणि आवाजाचे दावे टिकतात का, तुटलेल्या पात्याबाबत नियामकांचे समाधान होते का आणि तेलाचा भाव तेव्हा कुठे असतो. १९८८ मध्ये पहिल्या कसोटीवर हे तंत्रज्ञान बऱ्यापैकी उतरले होते, पण तिसरीने घात केला. यावेळी तेल स्वस्त झाले तरी कार्बन उत्सर्जनाच्या नियमांचा दाब राहील, असे समर्थकांचे गणित आहे. एअरबस कोणता पर्याय निवडते, यावर २०३५ नंतरच्या किमान दोन दशकांचे हवाई प्रवासाचे स्वरूप ठरेल. भारतीय कंपन्या तेव्हा शेकड्यांनी अशी विमाने घेतील. करार करताना इंधनबचतीच्या आकड्याबरोबरच, इंजिन किती तास टिकेल आणि बंद पडले तर भरपाई कोण देईल, याची लेखी हमी त्यांनी मागितली, तर गेल्या काही वर्षांत मोजलेली किंमत वाया गेली असे होणार नाही.